दाण्यातला ण

आमच्या माहेरी ण ला फार मान होता. झाशीत सात-आठ पिढ्या काढलेल्या मराठी घरांत तो सगळ्यांनाच परवडत नाही. दारात येणारी दूधवाली बुंदेली बोलणार, शाळा हिंदी, ऑफिस हिंदी, शेजार हिंदी. अशात आधी ण झिजतो, मग ळ झिजतो आणि शेवटी मराठी उरते ती देवापुरती आणि भांडणापुरती. माझी आई मात्र हट्टाला पेटलेली. आम्हा भावंडांपैकी कुणी ‘पानी’ म्हटलं की ती भरलेला तांब्या हातात धरून तशीच उभी राहायची. ‘नळातला न का बाणातला ण?’ बरोबर म्हणेपर्यंत घोटभरसुद्धा मिळायचं नाही. झाशीचा उन्हाळा ज्यानं भोगला आहे त्याला कळेल, आमचा ण किती पक्का झाला असेल ते.

एवढी जपलेली, सोवळ्यात ठेवलेली भाषा, आणि तिच्यात बाईच्या मांड्यांमधल्या जागेला नाव नव्हतं. नाही म्हणायला शब्द होते, पण ते सगळे दुखण्याखुपण्याचे. कुणाच्या अंगावरून जायचं. कुणाचं अंग बाहेर यायचं. कुणाची कूस उजवायची, कुणाची उजवायची नाही. म्हणजे तिथलं काही बिघडलं किंवा तिथून मूल निघालं तरच तोंड उघडायचं. एरवी ‘ती जागा’. गल्लीत मात्र त्या जागेची नावं दिवसभर ऐकू यायची, मोठमोठ्यानं, हिंदीत, आणि प्रत्येक वेळी कुणाच्या तरी आईच्या किंवा बहिणीच्या नावाला जोडून. आई खिडकी लावून घ्यायची. मला वाटतं, जगात फार थोड्या बायकांना हे नशीब लाभलं असेल, की एका भाषेत आपलं अंग मुकं आणि दुसऱ्या भाषेत शिवी.

मला माझा शब्द दिला तो मामीनं. मामा मऊरानीपुरला एका आढत्याकडे मुनीम होता. तिथल्या धान्यबाजाराला लागूनच त्यांचं घर, त्यामुळे मामीच्या बोलण्यात सगळी उदाहरणं गहू-चण्याची. हसायची मोठ्यानं, पदर पडला तरी तिला पत्ता नसायचा. आमच्याकडच्या बायका तिला ‘जरा सैलच आहे’ म्हणायच्या आणि ती आली की तिच्याच भोवती गोळा होऊन बसायच्या.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते आणि सिंचाई विभागाच्या ऑफिसात हिंदी टायपिस्ट म्हणून चिकटले होते. लग्नाच्या तयारीला मामी आली होती. मागच्या अंगणात आम्ही दोघीच मटार सोलत बसलो होतो. आई बाजारात गेली होती. मामीनं एक शेंग उघडली, आत पाहिलं आणि आपलं आपणच हसली.

‘तुला कुणी काही सांगितलं का गं?’

‘कशाचं?’

‘कशाचं म्हणे. पंचवीस वर्षांची घोडी, सरकारी नोकरी करते, आणि कशाचं!’ मग तिनं आवाज जरासा खाली घेतला. ‘हे बघ. नवऱ्याला जे हवं ते त्याला आपोआप मिळतं. देवानं त्याची सोय करूनच पाठवलंय त्याला. तुझी सोयसुद्धा केलीय, पण ती जरा वर आहे, झाकलेली आहे. दाणा असतो तिथं एक. तो त्याला माहीत नसतो. तू दाखवायचा.’

मी मान खाली घालून मटार सोलत राहिले. कान गरम झाले होते.

‘बाजारात ते लोक दाणा कसा बघतात? चिमटीत धरून नुसता फिरवतात. दाबायचा नसतो. दाबणारा अडाणी,’ मामी म्हणाली आणि पुढची शेंग उघडली.

बस, एवढंच. लग्नात मला पैठणी मिळाली, चांदीचं ताम्हन मिळालं, स्टीलची भांडी तर इतकी मिळाली की अर्धी अजून माळ्यावर आहेत. पण मला खरंच उपयोगी पडलेला आहेर म्हणजे तो एक शब्द.

नवरा झाशीतलाच, आमच्यासारख्याच जुन्या घराण्यातला. त्यांचे पूर्वज दरबारात हिशेब लिहायचे. हे बँकेत हिशेब लिहायचे. माणूस निर्व्यसनी, संकष्टी पाळणारा, पगार आणून आईच्या हातात देणारा. त्यांच्या घरातला ण मात्र केव्हाच गेलेला. ते ‘पानी’ म्हणायचे, ‘लोनी’ म्हणायचे, ‘कोन आलं?’ विचारायचे. माझ्या आईनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. जावयाला तांब्या अडवून धरता येत नाही, म्हणून ती गप्प बसली.

संसार सुरू झाला. त्यातला हा भाग कसा होता ते सांगते, कारण आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणींचा तसाच होता आणि सांगत कुणीच नाही. अंधार, सासूसासरे पलीकडच्या खोलीत, पलंगाचा आवाज होऊ नये म्हणून खाली अंथरलेली गादी. ते यायचे, जायचे आणि शेवटी विचारायचे, ‘झालं?’ मला फार दिवस वाटायचं की ते मला विचारताहेत. मग कळलं की ते स्वतःलाच विचारायचे आणि उत्तरही त्यांचं त्यांना मिळालेलं असायचं. मी साडी नीट करून पडून राहायचे. दुखायचं नाही काही. काहीच व्हायचं नाही. ऑफिसात दिवसभर मी ‘विषय’ टाइप करायचे, ‘उपरोक्त विषयक’ टाइप करायचे, आणि इथं विषयच निघत नव्हता.

लग्नाला तीनेक वर्षं झाली असतील. रविवार होता. सासूसासरे लक्ष्मी तालाच्या काठी महालक्ष्मीच्या देवळात गेले होते आणि तिकडूनच नातेवाइकांकडे जेवायला जाणार होते. भर दुपारी घरात आम्ही दोघंच, असं त्या तीन वर्षांत क्वचितच झालं असेल. उजेड होता. मला ते पहिल्यांदाच धड दिसत होते, आणि चांगले दिसत होते. त्या दिवशी मला ते आवडले, हे मी आजही नाकारत नाही. मी धीर केला.

‘अहो, एक सांगू? इथं एक दाणा असतो.’

‘काय असतो?’

‘दाणा.’

‘दाना?’

मला हसू आलं. ‘दाना नाही हो. दाणा. बाणातला ण. जीभ अशी वर टाळूला लावायची.’

तेही हसले. जीभ वळवून वळवून म्हणून पाहिलं, दोनदा चुकलं आणि मग स्वच्छ म्हणाले, ‘दाणा.’ सात पिढ्यांत गेलेला ण मी त्यांना एका दुपारी परत आणून दिला. आईला सांगता आलं असतं तर तिनं पेढे वाटले असते.

मग मी त्यांचा हात धरून तिथं नेला.

तापल्या तव्याला लागावा तसा त्यांनी तो मागे घेतला. उठून बसले. चेहऱ्यावरचं हसू कुठं गेलं ते कळलंसुद्धा नाही. ‘हे तुला कुनी शिकवलं?’

तुला कसं वाटतं, नाही. तुला काय हवं, नाही. कुणी शिकवलं! जसं काही ते माझ्या अंगाला लग्नाआधी कुणीतरी लावून दिलं होतं. मी मामीचं नाव घेतलं नाही. ‘कुणी नाही’ म्हटलं, तर ते जास्तच वाईट झालं. बरेच दिवस ते माझ्याशी मोजकं बोलत होते. ऑफिसात कोण कोण पुरुष बसतात ते मात्र त्यांनी दोन-तीनदा सहज विचारून घेतलं. सासूबाईंना वाटलं मी स्वयंपाकात काहीतरी चुकले.

तो शब्द आमच्या घरात पुन्हा निघाला नाही. मुलगा झाला तेव्हा टाके पडले, आणि दवाखान्यातली सिस्टर माझ्या पायांशी उभी राहून कौतुकानं म्हणाली, ‘कसके सिल दिया है, भाईसाहब खुश रहेंगे.’ म्हणजे माझ्या अंगाची शिलाईसुद्धा भाईसाहेबांच्या मापानं. मी तेव्हा इतकी थकले होते की तिला ‘धन्यवाद’ म्हणाले.

पण नवऱ्यानं हात काढून घेतला म्हणून माझा हात काही कुठं गेला नव्हता. सासूसासरे पुढे वारले, मुलगा शाळेत, हे बँकेत. माझी शनिवारची दुपार मोकळी असायची. मामीनं सांगितलं होतं तसंच, हलक्या हातानं. त्या दुपारी मी दाराला कडी लावायचे आणि अर्ध्या तासासाठी कुणाची सून, कुणाची आई, कुणाची टायपिस्ट नसायचे. अंग आधी सैल पडायचं, मग कुठूनसं गोळा होत यायचं आणि पायांच्या नखांपर्यंत जाऊन परत फिरायचं. नंतर मी उठून तोंड धुवायचे आणि चहा टाकायचे. त्या चहाची चव वेगळी लागायची. वर्षानुवर्षं हे चाललं. लाज वाटली का, असं आता कुणी विचारलं तर सांगेन, लाज वाटायला वेळ कुठं होता? त्या घरात तेवढंच माझं होतं.

नोकरी संपायला थोडी वर्षं उरली असताना खाज सुरू झाली. आधी वाटलं घामानं असेल. कडुलिंबाच्या पाण्यानं धुतलं, खोबरेल लावलं. शेजारीण म्हणाली साखर तपासून घ्या, साखर नव्हती. आरसा धरून पाहिलं तर कातडी पांढरी पडली होती, जुन्या चुन्याच्या भिंतीसारखी, आणि पातळ, जागोजागी चिरलेली. खाज मी सोसली असती. बायका काय काय सोसतात. पण हळूहळू दाणा दिसेनासा झाला. वरची कातडी त्याच्यावर ओढल्यासारखी चिकटत चालली होती. शनिवारी कडी लावून बसावं तर काही उमटेना. कधी नुसतं चुरचुरायचं, कधी तेही नाही. मी घाबरले. वय झालं, पाळी गेली, केस गेले, या कशाला मी घाबरले नव्हते. याला घाबरले.

डॉक्टरकडे जायचं म्हटलं तर हे म्हणाले, ‘एकटी कशी जाशील? मी येतो.’ माणूस काळजीवाहू, सगळे तेच म्हणतात. सिपरी बाजाराकडच्या एका नर्सिंग होममध्ये गेलो. बाई डॉक्टर होती, वयानं आमच्या मुलाएवढी. बाहेर बायकांची ही गर्दी, दर दोन मिनिटांनी दार उघडून कुणीतरी डोकावतंय. हे माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले.

‘बताइए आंटी जी, क्या परेशानी है?’

माझी हिंदी चांगली आहे. आयुष्यभर तिच्यावरच पोट भरलं. पण त्या क्षणी मला एकही शब्द आठवेना, कारण आठवायला तो कधी भेटलाच नव्हता. शिव्यांमधले शब्द तोंडात घेता येईनात. शेवटी मी मामीचाच शब्द हिंदीत आणला. हिंदीत आणताना आपोआपच त्याचा ण गेला.

‘नीचे खुजली है. सफेद हो गया है. और जो दाना है, वह दब गया है. उसमें कुछ लगता ही नहीं.’

‘अच्छा, दाना है,’ डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाली. ‘दर्द नहीं है ना? पस?’

झाशीत कुणालाही विचारा, दाना निकलना म्हणजे पुटकुळी येणं. गालावर येतो, पाठीवर येतो. मला ते कळायला हवं होतं, मी इथंच वाढले. पण माझ्या डोक्यात मऊरानीपुरचं धान्य होतं आणि तिच्या डोक्यात फोड. ‘दाने को दबाना नहीं, आंटी,’ ती गंभीरपणे म्हणाली. मला वाटलं, अरे, ही तर मामीचंच म्हणते आहे, हिला कळलं! मग ती पुढे म्हणाली, ‘और नाखून मत लगाइएगा, फैल जाता है. ट्यूब लिख देती हूँ.’

मी काही म्हणणार तोच यांनी मान हलवली. ‘जी डॉक्टर साहब, समझ गए,’ म्हणाले आणि उठले. पुढची बाई आत येऊन उभीसुद्धा राहिली होती.

फोडावरचं मलम मी इमानेइतबारे लावत राहिले. पाऊस गेला, थंडी आली. मध्येच मी म्हणायचे, ‘अहो, तिला नीट कळलं नाही वाटतं, पुन्हा जाऊ या.’ हे म्हणायचे, ‘औषधाला वेळ दे की.’ वेळ दिला. कातडी तेवढ्या वेळात आपलं काम करत राहिली.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा तिनं पडद्यामागे नेऊन पाहिलं. बॅटरी धरली, बोटानं चाचपलं. मी छताकडे बघत पडले होते. ‘चमड़ी मोटी हो गई है, नीचे गाँठ सी है,’ ती तिच्या मदतनिसाला म्हणाली. मी बाहेर येऊन बसले. डॉक्टर मला नाही, यांना सांगू लागली. मी तिथं होते, पण दुरुस्तीला आणलेल्या शिलाई मशीनसारखी.

‘अंकल जी, वह दाना अंदर दब गया है, ट्यूब से नहीं जाएगा. छोटा सा ऑपरेशन है. चमड़ी समेत दाना निकाल देंगे, जाँच के लिए भेज देंगे. शाम को घर.’

‘निकाल दीजिए,’ हे म्हणाले. मग माझ्याकडे वळले आणि मराठीत, समजुतीच्या स्वरात, अगदी हळू म्हणाले, ‘दाणा काढून टाकतील म्हनते. काढू दे. आता या वयात काय करायचंय?’

दाणा.

बाणातला ण. स्वच्छ, जीभ टाळूला लावून. चहाच्या वेळी ‘पानी’ मागणारा, देवाला ‘लोनी’ दाखवणारा, आयुष्यात दुसरा एक ण न उच्चारलेला माणूस. हा एकच शब्द त्याला ण सकट येत होता, कारण तो त्याला मी शिकवला होता. त्या खोलीत डॉक्टरला दाना माहीत होता. मला दाणा माहीत होता. दोन्ही माहीत असलेला माणूस एकच होता, आणि तो पहिल्या दिवसापासून माझ्या शेजारच्या खुर्चीवर मान हलवत बसला होता.

राग नंतर आला, आधी नुसती भीती वाटली, की हे आता होऊन जाईल. मी सही करीन, मला भूल देतील आणि संध्याकाळी घरी आल्यावर हे खिचडी टाकायला शेजारणीला सांगतील.

‘नहीं,’ मी म्हटलं. ‘डॉक्टर साहब, वह फुंसी वाला दाना नहीं है.’

‘फिर?’

‘वह सब औरतों को होता है. आपको भी है. जिससे औरत को सुख मिलता है, वह. वही चमड़ी के नीचे दब गया है. मैं उसी को बचाने आई थी.’

दार नेहमीप्रमाणे अर्धं उघडलं होतं. बाहेरच्या बाकावरचं बोलणं थांबलं. डॉक्टरच्या हातातलं पेन तसंच राहिलं आणि तिचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला. हे उठले आणि बाहेर निघून गेले. कुणी यावं-जावं तसे नाही, भर मांडवातून उठून जावं तसे.

तिनं मला पुन्हा आत नेलं. या खेपेला बराच वेळ पाहिलं. शेवटी हातमोजे काढत पुटपुटली, ‘आंटी, पहले दिन ही बता देतीं.’

‘बताया था,’ मी म्हटलं.

ती वाईट मुलगी नव्हती. तिनं स्वतः फोन करून ग्वाल्हेरच्या एका मोठ्या डॉक्टर बाईंकडे मला पाठवलं. तिथं मी एकटी गेले, बसनं. त्या बाईंनी कातडीच्या रोगाचं नाव सांगितलं, दुसरं मलम दिलं, आयुष्यभर लावावं लागेल म्हणाल्या. ऑपरेशनची गरजच नव्हती. मग मी विचारलं म्हणून त्यांनी एका कागदाच्या पाठीवर चित्र काढून दाखवलं. बाहेर दिसतो तो नुसता शेंडा. बाकीचा सगळा आत, वाटेच्या दोन्ही बाजूंना पाय पसरून बसलेला, एवढा मोठा की मी दोनदा विचारलं, हे खरंच माझ्यात आहे का. हिंदीत त्याला भगशेफ म्हणतात. एवढी वर्षं हिंदी टाइप केली, हा शब्द एकदाही बोटांखालून गेला नाही. मराठीत काय म्हणतात ते मी नंतर मोबाइलवर शोधलं. शिश्निका. म्हणजे लहानसं शिश्न. आमच्या भाषेनं शेवटी नाव दिलं तेही पुरुषाच्या वस्तूवरून, धाकटं भावंड असल्यासारखं. माझ्या मामीनं बरं नाव दिलं होतं.

‘इसका काम क्या है?’ मी त्यांना विचारलं.

‘और कोई काम नहीं,’ त्या म्हणाल्या. ‘बस सुख.’

मूल नाही, मूत्र नाही, घर चालवणं नाही, कुणाचं काही करणं नाही. माझ्या सगळ्या अंगात एवढा एकच अवयव नुसता माझ्यासाठी होता, आणि तोच फोड समजून काढायला निघाले होते. परतताना बसमध्ये मला रडू आलं. शेजारची बाई म्हणाली, ‘काए रो रईं जिज्जी, कोऊ बीमार है का?’ मी म्हटलं, हो.

यांच्याशी मी बोलले ते त्याआधीच, नर्सिंग होममधून परतलो त्याच दुपारी. घरी आल्यावर हे वर्तमानपत्र घेऊन दिवाणावर बसले. मी समोर जाऊन उभी राहिले.

‘तुम्हाला ठाऊक होतं.’

‘काय?’

‘पहिल्याच दिवशी. तिला फुंसी वाटली, तुम्हाला नाही. तुम्ही मान हलवलीत.’

‘लोकांसमोर काय सांगायचं होतं मी तिला?’

‘मी पुन्हा जाऊ या म्हणायचे, तेव्हा घरात कुणी लोक नव्हते. आज काढून टाकू दे म्हणालात.’

त्यांनी वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलं. मग खिडकीकडे बघत म्हणाले, ‘मला काय कळत नव्हतं, शनिवारी दाराला कडी का असायची ते? एकदा मी लवकर आलो होतो. उभा होतो बाहेर. मग परत बँकेत गेलो. म्हटलं, गेलं तर गेलं. ते कधी माझं नव्हतंच.’

ओरडायचं मी ठरवलं होतं. ते राहूनच गेलं. एवढी वर्षं हा माणूस माझ्या अंगातल्या एका कणावर जळत होता, आणि कात्री चालवायची वेळ आली तेव्हा त्यानं फक्त मान हलवायची होती.

‘तुमचाच करायला निघाले होते,’ मी म्हटलं. ‘हात धरून नेला होता तुमचा. तुम्ही काढून घेतलात.’

‘मला यायचं नाही गं ते,’ ते म्हणाले. इतक्या बारीक आवाजात की मला क्षणभर त्यांची दयाच आली, आणि त्या दयेचा मला आणखी राग आला.

‘ण पण यायचा नाही तुम्हाला,’ मी म्हटलं. ‘तो आला की एका दुपारी.’

त्यांनी घडी घातलेलं वर्तमानपत्र पुन्हा उघडलं.

मलम मी रोज लावते. खाज गेली, कातडी मऊ झाली. चिकटलेलं होतं ते बरंचसं तसंच राहिलं. वेळेवर आला असतात तर, असं ग्वाल्हेरच्या बाई म्हणाल्या आणि पुढचं बोलल्या नाहीत. कधीतरी दुपारी, फार लांबून, भिंतीपलीकडे कुणी बोलत असावं तसं काहीतरी जाणवतं. शब्द कळत नाहीत. तेवढंही नसतं तर, असं मनात आलं की मी तो विचार तिथंच सोडते.

आम्ही एकाच घरात राहतो. मुलगा पुण्याला असतो, फोनवर हिंदीतच बोलतो, आईबाबांचं छान चाललंय म्हणून सगळ्यांना सांगतो. हे दिवाणावर बसलेले असतात. तहान लागली की आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणतात, ‘अगं, पानी दे.’

मी तांब्या भरते आणि त्यांच्यासमोर उभी राहते. देत नाही. तेही माझ्याकडे बघत नाहीत. हात पुढे केलेला तसाच असतो. त्यांना ण येतो, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे.